अचानक जायची तयारी

अचानक जायचं ठरल्यावर सगळ्यात आधी बाबांनी गाडी धुतली.

काका ब्रश तोंडात घेऊनच बाहेर आला आणि पायरीवर थबकला. "दादा, काय करून राहिला तू हे?"

"काय म्हंजे? गाडी धुतली. तेल्हाऱ्यापासून सारा रस्ता घेऊन आला होता तू तिच्यावर."

"अरे पन आपन अचानक चाललो ना! शेगावले चाललो, रस्त्यात अकोला लागलं, म्हून पोरीले भेटून घेतलं. रातीच ठरलं ना असं? अशी लखलखीत गाडी पाहून व्याही म्हननार हाये का, का हे आत्ताच उठले अन निघाले?"

बाबांनी हातातल्या फडक्याकडं पाहिलं, मग गाडीकडं. साईनगरच्या आमच्या गल्लीत ऊन आत्ताशी शिरत होतं, पण तेवढ्यातही ती चमकत होती. "मंग आता काय करू? माती लावू का तिले?"

"लागन म्हना रस्त्यानं थोडी," असं म्हणून काका पायरीवर बसला. आदल्या संध्याकाळीच तो काकूला घेऊन तेल्हाऱ्याहून गाडी हाकत आला होता, आईच्या एका फोनवर. आईनं आपल्या दिराला आपणहून बोलावणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. वर्षालीताईचं लग्न काकूनं जमवलेलं. ते लग्न कसं चाललंय हे कळेनासं झाल्यापासून आईचं आणि काकूचं बोलणं सणावारापुरतंच उरलं होतं.

वर्षालीताई माझी सख्खी मोठी बहीण. अकोल्याला दिली. सासऱ्यांचं, खुशालरावांचं, बी-बियाण्यांचं दुकान आहे, प्रीतम जिजाजी तिथंच बसतात. ताईला तिथं कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं, आणि हीच तर अडचण होती. तसं काही असतं तर आबांनी, माझ्या आजोबांनी, एकट्यानं एसटीनं जाऊन तिला आणलं असतं. पण झालं होतं ते इतकंच, की बी.एड. करू देऊ म्हणाले होते ते राहून गेलं आणि परत राहून गेलं. दिवाळीला ताई आली ती पाहुण्यासारखी. संक्रांतीला सासूचे गुडघे दुखत होते. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाबा स्वतः न्यायला गेले, तर पेरणीचा सीझन तोंडावर आलाय म्हणून चहा पाजून परत पाठवलं. आमच्याकडं लेकीला आणायला कोणीतरी जावं लागतं, ती आपल्या मनानं उठून येत नाही, आणि गेलेल्या माणसानं समोरच्याचं कारण ऐकून घ्यावं लागतं. दर वेळी नवं कारण आणि दर वेळी पटण्यासारखं. भांडायला कुठं जागाच नाही. वर्षभर ती कारणं ऐकून आमचं घर पार दमून गेलं होतं.

मग परवा ताईचा फोन आला तो माझ्या मोबाइलवर. मी नेहमीसारखी सुरू झाले. बारावीचा क्लास उन्हाळ्यातच कसा सुरू केलाय, केमिस्ट्रीचे सर स्वतःच्याच जोकवर कसे हसतात, वक्तृत्व स्पर्धेत ऐन वेळी माइक बंद पडला तरी मी मागच्या रांगेपर्यंत आवाज कसा पोचवला. ताई मध्येच म्हणाली, "अक्की, फोन ठेवू नको. पण बोलूही नको आता. तसाच ओट्यावर ठेव अन तुमचं चालू दे."

मी ठेवला. आई मिक्सर फिरवत होती. बाबा कूलरमध्ये पाइप सोडून "मोटार बंद करा" म्हणून ओरडत होते. आबा टीव्हीवरच्या बातम्यांना उत्तरं देत होते. बऱ्याच वेळानं मी फोन उचलला तर कॉल चालूच होता. पलीकडून फक्त श्वास येत होता.

मी आईला सांगितलं. आईनं मिक्सरचं भांडं उघडलं, आत पाहिलं, परत झाकण लावलं आणि काकाला फोन लावायला सांगितला.

शेगावची युक्ती काकाचीच. त्याचं म्हणणं असं, की लेकीला न्यायला आलो म्हटलं की व्याह्यांना नाही म्हणायला तोंड सापडतं, पण महाराजांच्या दर्शनाला कोण नाही म्हणणार? सहज चाललो होतो, वर्षालीलेही नेतो दर्शनाले, असं म्हणायचं. दर्शन झालं की तिकडूनच फोन करायचा, लेट झाला, आता पोरीले अमरावतीलेच नेतो, चार दिवस राहीन. एकदा ती घरी आली की मग पुढचं पुढं. सगळ्यांना हे पटलं. मला पटलं नव्हतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

स्वयंपाकघरात त्या वेळी आंब्यांवरून चाललं होतं. आईनं आंबे डालकीत, बांबूच्या टोपलीत, गवतावर मांडून ठेवले होते, वर नवा पंचा. काकूनं पंचा उचलून पाहिला आणि परत टाकला.

"आरतीताई, अशी डालकी घेऊन कोनी अचानक जाते का?"

"मंग काय रिकाम्या हातानं जाऊ लेकीच्या घरी?"

"रिकाम्या नाई वो. पन हे तर मांडवपरतनीले चालल्यासारखं दिसून राहिलं. थैलीत टाका. बडनेऱ्याच्या नाक्यावर घेतले असं वाटलं पायजे."

मग त्या दोघी एकेक आंबा गवतातून काढून, त्याच्या देठाला चिकटलेली काडी पुसून प्लास्टिकच्या थैलीत टाकायला लागल्या. काल हेच आंबे आईनं तितक्याच जपून डालकीत ठेवले होते. विहीणबाईंसाठी आणलेली साडी काकूनं डब्यातून काढली, उलटसुलट केली आणि "हे तर राहूच द्या" म्हणून कपाटावर ठेवली. मी पाटवड्यांचा डबा भरत होते. तोही स्टीलचा नको, घाईचा वाटत नाही, म्हणून आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात.

"मी काय म्हणते," मी म्हटलं, "सरळच सांगायचं ना, ताईला न्यायला आलो म्हणून. आपली आहे ती. चोरून का आणायची?"

"हे भाषन शाळेत करजो," काकू म्हणाली.

"तिचं ऐकू नोको, पन चुकीचंही नाई बोलून राहिली ती," आई हळू म्हणाली. काकूकडं न पाहता तिनं पुढचा आंबा उचलला. "गीता, तुले सगळं समजते त्याईच्या घरचं. त्याईले काय आवडते, काय खुपते. मंग मले हे बी सांग, माई पोरगी फोनवर काहून नाई बोलत?"

काकूचा हात थांबला. "म्या काय तिच्या मनात बसली का?"

"लग्न जमवतानी तर बसली होतीस. म्हनत होतीस, वर्षालीले असंच घर पायजे."

"ताई, सकायच्या पारी नोको ना."

आईनं हातातला आंबा थैलीत टाकला. खरं तर तिला भांडायचंही नव्हतं. परवापासून तिला झोप नव्हती आणि आता कोणावर तरी चिडायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता.

काकूच्या पोटात काय होतं ते तिनं मला नंतर सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. ताईच्या सासूबाई काकूच्या माहेरच्या नात्यातल्या. एप्रिलमध्ये दर्यापूरच्या एका लग्नात त्यांनी काकूला जेवणाच्या पंगतीमागं नेऊन म्हटलं होतं, "गीता, तुमची पोरगी रमत नाई बाई. जेवते अन खोलीत जाते. काई विचारलं तं हो म्हनते. आमी कोनासंगं बोलाव?" काकूनं तेव्हा हसून "वेळ लागते मामी, रमन" म्हटलं आणि बुंदी वाढून घेतली. घरी येऊन काकाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, तूच केलं हे. आता त्या थैलीत आंबे टाकताना तिला वाटत होतं, की आजचा दिवस नीट जावा, ताईनं गाडीत बसावं, शेगावला हात जोडावे, चार दिवस रस-सरगुंडे खावे आणि परत जाऊन रमावं. मग काही सांगायची गरजच पडणार नाही.

बाहेर जागांचा हिशेब सुरू झाला होता. गाडी सात जणांची. काका चालवणार. शेजारी आबा, कारण वडीलधारं माणूस समोर दिसलं की व्याह्यांचा आवाज खाली येतो. मध्ये बाबा, आई, काकू. मागं मी.

"मागची एक जागा रिकामी राहते," बाबा म्हणाले.

"ती वर्षालीची."

"ते आपल्याले माहीत हाये. पन खुशालराव दारात येऊन गाडीत पाहीन. सहा मानसं अन एक जागा मोकयी. मानूस काय येडा हाये? तो म्हनन, हे मोजूनच आले."

काकानं डोकं खाजवलं. "मंग तिथं सामान ठेवू. थैल्या, पान्याचा जार, चादर. भरलेली दिसन."

"भरलेली दिसली तं तो म्हनन, जागा कुठी हाये, पोरगी कुठी बसन? नाई म्हनाले कारनच भेटलं त्याले."

दोघे भाऊ गाडीच्या मागच्या दारात उभं राहून त्या एका सीटकडं बघत राहिले. मी म्हटलं, "अर्धी भरा." मी चेष्टेनं म्हटलं होतं, पण बाबांनी खरंच पाण्याचा जार एका कडेला ठेवला, चादर जराशी पसरली आणि दोन पावलं मागं जाऊन कसं दिसतं ते पाहिलं. शर्ट पाठीला चिकटला होता. सकाळी थंड वेळेत निघायचं ठरलं होतं आणि आता समोरच्या घरातल्या बाईंनी दारं-खिडक्या लावून कूलर सुरू केला होता. घराबाहेर पडायच्या आधीच आम्ही सगळे प्रवास करून आल्यासारखे दिसत होतो.

शेवटी एकदाचे सगळे गाडीत बसले. आई आंब्यांची थैली मांडीवर घेऊन मधल्या सीटवर, डोक्याला ओला दुपट्टा. काकू खिडकीशी. आबा सगळ्यात शेवटी आले, पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीची टोपी, खांद्यावर उपरणं.

काका स्टिअरिंगवरून बघतच राहिला. "आबा, हे लग्नाचं धोतर काहून नेसले?"

"व्याह्याच्या घरी काय चड्डीवर जाऊ?"

"पन अचानक..."

"हाव रे बाप्पा, अचानकच. म्या सांगतलं त्याईले."

काकानं चावी फिरवता फिरवता हात थांबवला. "काय सांगतलं? कोनाले?"

"खुशालरावले. सकायीच लावला ना फोन गच्चीवरून. म्हटलं, आमी आज अचानक येऊन राहिलो."

मला आधी हसू आलं आणि मग आईची मान पाहून ते गेलं.

"आबा!" बाबांनी कपाळावर हात मारला. "अचानक येनार, हे सांगून ठेवलं तुमी?"

"मंग? लेकीच्या घरी न सांगता जातेत काय? माया जिंदगीत कधी गेलो नाई. त्या घरच्या बाईले सयपाक करा लागते, घर आवरा लागते. आपन असे चोरासारखे जाऊन दारात उभे राहावं का?" आबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना आपलं काही चुकलं असं अजिबात वाटत नव्हतं. काल रात्रीपासून आपली मुलं कोणत्या वेळी काय खोटं बोलायचं ते ठरवत होती आणि आबांना त्या सगळ्याची लाज वाटत होती. कोणाला न दुखवता त्यांनी त्यातल्या त्यात एक खरी गोष्ट करून टाकली होती. "शेगावचंही सांगतलं. तुमची गोष्ट नाई मोडली."

"मंग ते काय म्हनले?" काकानं विचारलं. आवाजात आता रागही नव्हता.

"चांगलं बोलले. म्हने, या. म्हने, येतानी गाडी मोठी आनजा."

काकूचा चेहरा एकदम खुलला. "पाहा! म्या म्हनत होती ना, मानसं वाईट नाईत. त्याईलेही याचं असंन शेगावले."

"व्याही अन विहीन, दोघं धरले तं," काकानं मागं वळून आम्हाला मोजलं, "आपल्यातले दोघं कमी करा लागन. अक्की, उतर."

"मीच का?"

"तुया क्लास हाये ना."

"आज सुटी आहे!"

"गोपाल, तिले राहू दे, मी उतरतो," बाबा म्हणाले. "मले तं तिथं बोलताही येत नाई. मागच्या खेपीले नुसता चहा पिऊन आलो."

"बापच नाई तं कसं दिसन?" काकू म्हणाली. "मीच राहते. मले पाहून विहीनबाई उगा जुन्या गोष्टी काढतीन."

"कोनत्या गोष्टी?" आईनं विचारलं.

"काई नाई वो. आपल्या अशाच."

पण आईचं लक्ष काकूकडं नव्हतंच. ती समोर, आबांच्या टोपीच्या मागच्या शिवणीकडं बघत होती. "मामाजी," ती म्हणाली, "शेगावचं तुमी सांगतल्यावर ते मोठी गाडी म्हनले, का त्याच्या आधी?"

आबांनी आठवून पाहिलं. "आधीच. म्या म्हटलं येऊन राहिलो, का त्याईनं म्हटलं मोठी आनजा. शेगावचं मंग निंगालं."

आईनं थैली माझ्याकडं दिली. मोबाइल काढला आणि विहीणबाईंना फोन लावला. काका "वयनी, थांबा, काय बोलाचं ते ठरवू" म्हणेपर्यंत पलीकडून "हॅलो" आलंसुद्धा. विहीणबाईंचा आवाज मोठा आहे, तो सगळ्या गाडीला ऐकू येत होता.

"नमस्कार. आरती बोलते. व्याह्याईनं गाडी मोठी आना म्हटलं, म्हून विचाराले फोन केला. काहून हो?"

मग विहीणबाई म्हणाल्या, "सामान हाये ना बाई पोरीचं."

"कोनतं सामान?"

"सगळंच." त्या एकदम बसक्या आवाजात बोलायला लागल्या. "आरतीबाई, आमी काई वाईट नाई केलं तिचं. देवाची शपथ. पन घरात एक मानूस हाये अन नाई, असं किती दिवस पाहाव? आमचा प्रीतमही चूप, ती बी चूप. काल दोघं बसून बोलले म्हने, पयल्यांदाच. भांडन नाई, काई नाई. मंग तिनं पेटी भरली. आमी नाई थांबवलं. थकलो हो आमी बी. गीताले सांगतलं होतं म्या एप्रिलमदी. तिनं सांगतलं असंन तुमाले."

आईनं काकूकडं पाहिलं. काकूनं नजर खाली घातली.

"येतो आमी," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

काकानं इंजिन बंद केलं. सगळ्यात आधी आबा बोलले. "आज नोको जाऊ. एकदा सामान निंगालं का निंगालं. मंग परत नेता येत नाई. आधी चार मानसं बसवू. तेल्हाऱ्याचे पाव्हने बलावू, बोलू."

"आबा म्हनतेत ते बरोबर हाये," काका म्हणाला. "आज गेलो तं सगळं संपलं असंच होईन. दोन दिवस थांबू."

बाबांनी मान हलवली. ती हो होती की नाही ते कळलं नाही. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना लेक घरी हवी होती, अगदी वर्षभर हवी होती, पण अशी सगळं सामान घेऊन नाही. सणाला येतात तशी हवी होती.

"संपलं हाये ते," आई म्हणाली. "तिनं काल पेटी भरली. आपन रातभर काय खोटं बोलाव ते ठरवत होतो, तेव्हा ती तिकडं भरून बसली होती. आता मी तिले दोन दिवस थांब म्हनू?"

"असं नाई वयनी, पन लोकं..."

"चला," काकू म्हणाली.

ती इतकी मोठ्यांदा म्हणाली की आबासुद्धा वळले. "एप्रिलमदी सांगतलं होतं मामीनं मले. म्या नाई सांगतलं कोनाले. आरतीताई, काय बोलाचं ते मले मंग बोला, घरी आल्यावर, कितीबी. आता चला. चार मानसं बसवाची नाईत. लग्न जमवतानी चार मानसं म्याच बसवली होती." ती काकाच्या खांद्यावर मागून थापा मारत होती. "चाला ना हो तुमी! काय पाहून राहिले?"

आईनं खाली उतरून मागचं दार उघडलं आणि बाबांना म्हणाली, "मागची सीट कशी निंगते हो?"

बाबा क्षणभर तसेच बसून राहिले. मग उतरले. मीही उतरले. पाण्याचा जार, पसरलेली चादर, थैल्या, सगळं आम्ही ओट्यावर नेऊन ठेवलं. काकानं सीटच्या खालची कडी दाबली, ती अडकली होती. बाबा गाडीच्या आत गुडघ्यांवर बसले आणि दोघा भावांनी मिळून ती ओढली. सीट पुढं झोपली तेव्हा मागं केवढीतरी जागा झाली. आबा कोणी न सांगताच पुढून उतरले होते. टोपी काढून, ती हातात धरून ते पायरीवर सावलीत बसले. "मी घरी राहतो," ते म्हणाले. "पोरगी येईन तं दारात कोनी पायजे." मग थोड्या वेळानं, "डालकीही रिकामीच पडली हाये. आंबे काढून ठेवा वो त्या थैलीतले, उबतीन."

"किशोर, तू?" काकानं विचारलं. काका बाबांना नावानं कधीच हाक मारत नाही. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"मी काय करू तिथं येऊन?" बाबांचा आवाज फाटला. "खुशालरावसमोर मले रडू आलं तं?"

"मंग राहा," आई म्हणाली, मऊपणानं. "आमी दोघी जातो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई. मी स्पीकरवर टाकला, कारण आता चोरून ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अक्की, आईला दे ना," ताई म्हणाली. आईनं फोन हातात घेतला नाही, नुसती जवळ येऊन वाकली.

"बोल."

"आई, रागावली का?"

"नाई. काय काय हाये सामान?"

"पेटी आहे. पुस्तकं आहेत, दोन खोकी. कपाट राहू दे म्हटलं मी. शिलाई मशीन..." ती अडखळली. "मशीन राहू देऊ का? जागा होईल का?"

"होईन. सीट काढली आमी."

"मग मी कुठं..." ती बोलायची थांबली. मग घाईघाईनं म्हणाली, "चालते. मी मागंच बसेन, खोक्यांजवळ. मला काही होत नाही."

आईनं काकूकडं पाहिलं. काकू गाडीच्या पलीकडच्या दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"मागं नाई बसाचं," आई म्हणाली. "मधात बसशील. माया अन काकूच्या मधात."

फोन चालूच होता, आणि या वेळी बाबांजवळ मागं थांबून तो मी तसाच राहू दिला. काकानं इंजिन सुरू केलं. आई एका दारानं चढली, काकू दुसऱ्या दारानं. काकू सवयीनं आईच्या जवळ सरकली, मग थांबली आणि परत खिडकीला जाऊन टेकली. दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी ठेवून गाडी गल्लीतून बाहेर पडली.